चेहऱ्याची रोजची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचारोगाच्या ओपीडीत हे प्रश्न रोज येतात, आणि बहुतेक वेळा पेशंट उठून दाराशी पोचल्यावर. "डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच..." त्या राहून गेलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे सवडीने दिली आहेत. चेहरा बिघडून येणाऱ्यांत काहीच न लावणारे फार थोडे असतात. नको ते चोळून आलेलेच जास्त. त्यामुळे खालच्या उत्तरांत 'हे लावा' पेक्षा 'हे लावू नका' जास्त वेळा येईल.

चेहऱ्याला रोज खरोखर काय काय लागतं?

तीन गोष्टी: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. सकाळी चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, रात्री चेहरा धुऊन मॉइश्चरायझर. त्वचा फार कोरडी असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं. टोनर, मिस्ट, शीट मास्क यांवाचून कुणाचंही काही अडत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते सनस्क्रीनवर घाला.

अंगाचा साबण चेहऱ्याला चालतो का? आमच्या घरी सगळे तोच वापरतात.

निरोगी, तेलकट त्वचेच्या माणसाला चालूनही जातो. पण आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो. नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. दिवसातून दोनदा हा साबण घासला की त्वचेतले मूळचे स्नेह धुतले जातात, चेहरा ओढल्यासारखा होतो. तो ओढलेपणा म्हणजे 'स्वच्छ झाल्याची' खूण असं अनेकांना वाटतं, पण ती त्वचा कोरडी पडल्याची खूण आहे. मुरमांची औषधं चालू असणाऱ्यांनी, एक्झिमा असणाऱ्यांनी आणि पन्नाशीपुढच्यांनी तरी साबण सोडावा. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्ध पदार्थांचं प्रमाण) 76 टक्के लिहिलेलं असतं ते साबणाची प्रत सांगतं, तो चेहऱ्याला सौम्य आहे असं नव्हे.

दिवसातून दोनदा धुणं पुरे. उन्हातून, जिममधून घामेजून आलात तर तिसऱ्यांदा. दर तासाला वॉश बेसिनकडे धावू नका. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस नीट निघत नाही आणि कोरडेपणा आणखी वाढतो, तिथे बिनफेसाचं क्लेन्झर बरं पडतं.

माझा चेहरा आधीच तेलकट. त्यावर मॉइश्चरायझर कशाला?

तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. तेलग्रंथी तेल सोडत असल्या तरी त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी उडून जाऊ शकतं, आणि मुरमांच्या औषधांनी ते हमखास उडतं. मग चेहरा एकाच वेळी तेलकटही असतो आणि सालंही निघत असतात. अशांनी जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर घ्यावं. ट्यूबवर 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात वाटाण्याएवढं पुरतं. विदर्भात, मराठवाड्यात थंडीत तेच कमी पडतं, तेव्हा जाडसर क्रीम घ्या. ग्लिसरीन असलेलं साधं, वास नसलेलं क्रीम महागड्या बाटलीइतकंच काम करतं.

आम्ही घरातच असतो. पावसाळाही आहे. सनस्क्रीनची गरज काय?

उन्हात दोन प्रकारचे किरण असतात. यूव्हीबीमुळे त्वचा भाजते, यूव्हीएमुळे काळवंडते आणि वर्षानुवर्षांत सुरकुततेही. खिडकीची काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र आत येतो. ढगाळ दिवशीही बरेचसे किरण खाली पोचतात. त्यामुळे खिडकीजवळ काम करणाऱ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी आणि ज्यांना वांग किंवा मुरमांचे काळे डाग आहेत त्यांनी घरातही लावावं. खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत दिवस जात असेल आणि चेहऱ्यावर कसला डाग नसेल, तर घरात लावलं नाही म्हणून बिघडत नाही.

एसपीएफ किती हवा? 100 चा घेऊ का?

नीट लावलेलं एसपीएफ 30 यूव्हीबीचे साधारण 97 टक्के किरण अडवतं, 50 साधारण 98 टक्के. आकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. आपल्याकडे 30 ते 50 पुरेसं आहे. त्यासोबत पीए लिहून पुढे अधिकची चिन्हं असतात, ती यूव्हीएसाठी. तिथे किमान तीन चिन्हं बघा.

खरी गोची आकड्यात नाही, प्रमाणात आहे. बहुतेक जण हरभऱ्याएवढं घेऊन चेहराभर पसरतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं लागतं. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. बाहेर असाल, घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला हे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी, पदर, उपरणं आणि शक्य असेल तर दुपारी बारा ते तीन सावली, हे सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं.

मी स्कूटरवर पूर्ण स्कार्फ बांधते. मग सनस्क्रीन नको ना?

घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ उत्तम संरक्षण देतो. पुण्यातल्या मुलींची यावरून पुष्कळ चेष्टा झाली, पण त्वचेच्या दृष्टीने त्या बरोबर होत्या. झिरझिरीत ओढणीतून मात्र ऊन आत येतं. डोळ्यांभोवतीचा आणि नाकाच्या वरचा उघडा भाग राहतोच, तिथे सनस्क्रीन लावा. आणि स्कार्फ रोजच्या रोज धुवा. घामाने ओला झालेला, आठवडाभर डिकीत कोंबलेला स्कार्फ गालांवर घासत राहिला की तिथेच पुटकुळ्या येतात.

सनस्क्रीनमुळे ड जीवनसत्त्व कमी होतं का?

रोजच्या वापरात तसं होताना दिसत नाही. कुणीही सनस्क्रीन इतकं चोख लावत नाही, आणि हातपाय उघडे असतातच. ड कमी आलं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, त्यासाठी चेहरा भाजून घेऊ नका.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा हे तर घरातलेच पदार्थ. त्यांनी काय होणार?

लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो. त्वचेला ते चक्क आम्ल आहे. त्यावर लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे तपकिरी ओघळ राहतात. लिंबाचा रस जिथून जिथून ओघळला, अगदी तिथून तिथूनच डाग उमटलेला मी पाहिला आहे. सोडा उलट्या बाजूचा, अल्कधर्मी. टूथपेस्ट मुरूम सुकवते खरी, पण भोवतालची कातडी भाजून. मुरूम चार दिवसांत गेला असता, भाजल्याचा डाग चार महिने राहतो.

मग हळद, बेसन, उटणंही वाईट का?

नाही. दिवाळीचं उटणं लावून अभ्यंगस्नान जरूर करा, त्यात आनंद आहे आणि वर्षातून चार दिवसांनी काही बिघडत नाही. रोज डाळीच्या पिठाने चेहरा घासणं मात्र नको. ते दाणेदार असतं आणि चालू मुरमांवर घासलं की ते जास्त लाल होतात. मुलतानी माती तेल शोषते, त्यामुळे कोरड्या त्वचेला ती आणखी कोरडी करते. हळदीतल्या घटकांवर संशोधन भरपूर झालं आहे, पण स्वयंपाकघरातली हळद चेहऱ्यावर लेपली की ते घटक त्वचेत फारसे उतरत नाहीत, उतरतो तो पिवळा रंग. 'नैसर्गिक आहे, म्हणजे त्रास नाही' हा नियमच नाही. बिब्बा नैसर्गिकच आहे, आणि तो उतला की काय होतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा.

तळकट खाल्ल्याने मुरूम येतात का? पोट साफ नसलं की? रक्त अशुद्ध असलं की?

मुरमांचं मूळ तेलग्रंथींत असतं. वयात येताना संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राच्या तोंडाशी पेशी चिकटून बूच बसतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. यात पोट साफ असण्या-नसण्याचा संबंध नाही. रक्त शुद्ध करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात, त्यांना गोड काढ्याची बाटली लागत नाही.

आहाराचा संबंध थोडा आहे, पण लोकांना वाटतो तिथे नाही. वडा-भजीपेक्षा साखर, मैदा, गोड पेयं यांचा दुवा जास्त पक्का आहे. दुधाचा काही जणांत दिसतो. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठ आणि चेहरा भरून आलेले तर वरचेवर दिसतात. तुमचं तसं असेल तर दोन महिने बंद करून बघा.

आणि ब्लॅकहेड्स म्हणजे मळ नव्हे. रंध्रातल्या बुचाचं वरचं टोक हवेशी संपर्कात येऊन काळं पडतं. घासून ते निघत नाही. रंध्रं वाफेने 'उघडत' आणि बर्फाने 'मिटत' नाहीत, त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात.

मुरमांवर स्वतःहून काय लावता येईल?

थोडेच आणि लहान असतील तर 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश किंवा 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेल. 2.5 टक्क्यांचं जेल 10 टक्क्यांच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि जळजळ कमी करतं, म्हणून जोरदार घ्यायच्या भानगडीत पडू नका. हे जेल उशीचा अभ्रा आणि टॉवेल यांचा रंग उडवतं, पांढरे वापरा. सुरुवात एक दिवसाआड करा.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे वाक्य मी रोज बोलते आणि तरीही लोक पंधरा दिवसांत ट्यूब बदलतात. मुरूम फोडू नका, आपल्या वर्णाच्या त्वचेवर फोडलेल्या प्रत्येक मुरमाचा काळा डाग मागे राहतो. दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा पाळी अनियमित असून हनुवटीवर दाट केस येत असतील तर घरी वेळ घालवू नका. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, आहे का ते बघावं लागतं. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण मुरमांची काही औषधं, विशेषतः रेटिनॉइड गटातली, तेव्हा घ्यायची नसतात.

कपाळावर बारीक बारीक पुटकुळ्या येतात, जातच नाहीत.

डोक्याला तेल किती आणि कधी लावता? रात्री चप्प तेल लावून झोपलं की ते कपाळावर आणि उशीवर उतरतं. खोबरेल तेल केसांना छान, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवणारं आहे. तेल नहाण्याआधी तासभर लावा, नहा, आणि अभ्रा बदला. पुटकुळ्या एकसारख्या दिसतात आणि खूप खाजतात असं असेल तर ते मुरूम नसून बुरशीचा प्रकार असू शकतो, त्यावर मुरमांचं औषध लागू पडत नाही.

मैत्रिणीने सांगितलेलं क्रीम लावते. आठवड्यात चेहरा उजळला. पण बंद केलं की आग होते. आता काय करू?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

ट्यूब घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. एक्झिमा, सोरायसिस यांत आम्हीच ते देतो, पण ठरावीक ताकदीचं, ठरावीक दिवसांसाठी. चेहऱ्याची कातडी पातळ असते, तिथे ते महिनोन्‌महिने लावायचं नसतं.

सुरुवातीला ते जादू करतं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली जाते, खाज थांबते, रंगद्रव्य तयार होणं मंदावतं म्हणून चेहरा उजळ दिसतो. मग हळूहळू कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, नव्याने मुरूम येतात. क्रीम थांबवलं की दोन दिवसांत चेहरा लालबुंद होतो, उन्हात किंवा गॅससमोर उभं राहवत नाही. घाबरून बाई पुन्हा तेच क्रीम लावते, आग शमते, आणि तिला वाटतं, "हेच क्रीम मला सोसतं." वर्षं अशीच जातात. लग्नाच्या आधी महिनाभर म्हणून सुरू केलेलं क्रीम, मूल शाळेत जायला लागलं तरी पर्समध्ये असतं. ती ट्यूब टेबलावर ठेवताना बायका खालच्या आवाजात बोलतात, जणू गुन्हा त्यांचा आहे. त्यांचा नसतो. त्यांना ती कुणीतरी, बहुधा चिठ्ठीशिवाय, हातात दिलेली असते.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तीन औषधांचं मिश्रण तर 'फेअरनेस क्रीम' म्हणून सर्रास वापरलं जातं. ते वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांसाठी द्यायचं औषध आहे. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ लावलं तर काहींच्या चेहऱ्यावर निळसर काळे डाग पडतात आणि ते काढणं फार अवघड जातं. 2018 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी काउंटरवर मागितली की मिळतात.

आता काय करायचं? एकदम एकट्याने बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ट्यूब सोबत न्या. ते हळूहळू सोडवतात, मधल्या आगीसाठी दुसरी औषधं देतात. काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. तो काळ निभावून न्यावा लागतो, आणि तेव्हा घरातल्यांनी "आधी किती छान दिसत होतीस" म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गोरं होता येतं का?

उन्हाने आलेला काळपटपणा कमी होतो, डाग फिके पडतात. जन्मतः असलेला रंग कुठल्याही क्रीमने बदलत नाही. आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' 1975 साली आली आणि 2020 साली नावातला 'फेअर' गेला, पण लग्नाच्या बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना अजून आहे. पालकांनो, तो खोडून टाका. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे उन्हापासूनचं संरक्षण आहे. सावळ्या मुलीला आजार नाही, तिच्यावर उपचार करायचा नाही.

आणि हा नुसता मनाचा प्रश्न नाही. बिनलेबलच्या किंवा परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीम्समध्ये पारा सापडतो. तो रंगद्रव्याची निर्मिती रोखतो आणि कातडीतून रक्तात जातो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं होतं. केरळमध्ये मलप्पुरमलाही असेच रुग्ण सापडले. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी यांपैकी काहीही नसलेली डबी घरात ठेवू नका. असं क्रीम वापरत असाल आणि लघवीला फेस येत असेल, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वांग जातं का?

फिकं पडतं, पण परत येण्याची खोड असते. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन ही त्याची कारणं. साध्या उजेडानेही सावळ्या त्वचेतलं वांग वाढतं, म्हणून यात लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. वाफ घेणं आणि घासणं बंद. वांग यकृताच्या बिघाडामुळे येतं हा समज चुकीचा.

मान, कपाळाच्या कडा काळ्या पडल्यात. कितीही घासलं तरी मळ निघत नाही.

कारण तो मळ नाही. कातडी जाडसर, मखमलीसारखी आणि काळी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर शरीरात इन्शुलिनचं काम नीट चालत नसण्याची ती खूण असते. किशोरवयीन मुलांना यावरून आंघोळीचे टोमणे ऐकावे लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. घासणी ठेवून द्या, रक्तातली साखर तपासा. वजन कमी झालं की रंगही उतरतो.

कपाळाच्या आणि कानाजवळच्या कडा काळसर निळ्या झाल्या असतील तर केसांचा कलप हेही कारण असू शकतं. काळ्या कलपात, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतही, पीपीडी नावाचं रसायन असतं. मेंदीच्या पाल्याचा रंग मुळात काळा नसतोच.

टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. कोड आहे का?

टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे काहींच्या त्वचेतल्या रंगपेशी मरतात आणि टिकलीएवढाच, तितकाच गोल पांढरा डाग उठतो. टिकली ताबडतोब थांबवणं हा पहिला उपचार. लवकर थांबवली तर रंग परत यायची शक्यता चांगली असते. डाग पसरत असेल तर मात्र कोडाची तपासणी करून घ्यावी. "कपाळ मोकळं कसं ठेवू?" असं विचारणाऱ्या आजींना मी सांगते, कपाळ बरं होईपर्यंत ठेवा. बाजारातल्या कुंकवातल्या रंगांनीही खाज आणि काळेपणा येतो, तेव्हा नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून बघा.

मुलाच्या गालावर फिकट चट्टे आलेत. जंत झालेत की कॅल्शियम कमी आहे?

बहुधा दोन्ही नाही. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत चट्टे हा कोरडेपणाचा, सौम्य एक्झिमाचा प्रकार असतो. उन्हात भोवतालची त्वचा रापते आणि ते उठून दिसतात. साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावा, धीर धरा, महिने लागतात. जंताचं औषध शाळेत देतात ते जरूर द्या, पण या चट्ट्यांसाठी नव्हे. चट्ट्यावर स्पर्श किंवा टोचणं जाणवत नसेल तर लगेच दाखवा. तिथे कुष्ठरोग नाही ना, हे बघावं लागतं. त्याचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

चेहऱ्यावर रेझर फिरवला तर केस राठ होतात का?

नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वरून कापल्याने त्याला काही कळत नाही. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे हाताला राठ लागतं, इतकंच.

फेशियल, ब्लीच दर महिन्याला करावं का?

गरज नाही. मसाजने तासभर बरं वाटतं, ते सुख घ्यायचं तर घ्या. पण मुरूम असताना दाबून ब्लॅकहेड्स काढून घेऊ नका. ब्लीचने केस सोनेरी होतात, त्वचा उजळत नाही, आणि भाजलं तर काळे डाग मागे राहतात. लग्न किंवा मुंजीच्या आदल्या दिवशी चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही करून घेऊ नका. दर लग्नसराईत लाल, सुजलेले चेहरे घेऊन मुली येतात, आणि एका रात्रीत मलाही काही करता येत नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला व्हिटॅमिन सी, रेटिनॉल असं सगळं हवंय.

तिला फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढंच द्या. सुरकुत्यांची औषधं त्या वयात फक्त जळजळ देतात. मोठ्यांसाठीही एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी, म्हणजे पुरळ आलं तर कशाने आलं ते समजतं. व्हिटॅमिन सीचं सीरम गडद तपकिरी झालं असेल तर ते खराब झालेलं आहे.

भरपूर पाणी प्यायलं की चेहरा चमकतो?

तहान लागेल तेवढं प्या. जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं, गालांवर येत नाही.

पुरुषांनी काय करावं?

वरचं सगळं त्यांनाही लागू आहे. दाढीचं थोडं वेगळं: केस वाढतात त्या दिशेने रेझर चालवा, उलटी दाढी केली की केस आत वळून फोड येतात. सलूनमध्ये समोर नवीन ब्लेड लावून घ्या, आणि सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडा नको म्हणा. त्याच वस्तऱ्याने चामखीळ पसरते, हिपॅटायटिस बी सारखे आजारही रक्तातून येऊ शकतात. दाढी झाल्यावर जळजळणारं लोशन लावण्यापेक्षा साधं मॉइश्चरायझर लावा.

डॉक्टरांकडे कधी आणि कुणाकडे जावं?

खड्डे पाडणारे मुरूम, झपाट्याने वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, भरून न येणारी जखम, गालांवर आणि नाकावर लाली येऊन सोबत सांधेदुखी किंवा ताप, नवीन क्रीमनंतर चेहरा सुजणं, यांपैकी काही असेल तर वाट बघू नका. डोळे किंवा ओठ सुजून श्वास लागत असेल तर सरळ तातडीच्या विभागात.

पाटीवर 'स्किन क्लिनिक' लिहिलं म्हणून आत त्वचारोगतज्ज्ञ असतोच असं नाही. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही अशी त्वचारोगाची पदवी किंवा पदविका आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो आणि तिथे अगदी कमी खर्चात तपासणी होते.

जाताना मेकअप न करता जा. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, पुड्या एका पिशवीत भरून न्या, रिकाम्यासुद्धा आणि पार्लरमधून मिळालेल्या बिनलेबलच्या डब्यासुद्धा. आधीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर काढून ठेवा.